पावसच्या सालांना नावं आहेत

रत्नागिरीजवळचं पावस हे माझं आजोळ. तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी सनाचा आकडा क्वचितच यायचा. आजीला विचारलं, "आईचा जन्म कधीचा?" की ती म्हणायची, "खोती गेली, त्याच्या पुढल्या पावसाळ्यातला." मामाची मुंज भूकंपाच्या आधीच्या वैशाखातली. मागल्या परसातली विहीर रामदास बुडाली त्या वर्षीची. घरावर मंगलोरी कौलं चढली ती स्वामी गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी. माजघरात निवडणं-टिपणं चालू असताना ती हे सांगायची, आणि एका सालातून दुसऱ्या सालाची गोष्ट निघायची. पुढे इतिहासाची पुस्तकं हाती आली तेव्हा मी तिची सालं त्यांच्याशी ताडून पाहिली. तिच्या प्रत्येक सालाला पक्की तारीख सापडली. पावसचा इतिहास लिहायचा तर तो याच सालांवरून लिहावा, असं तेव्हापासून माझ्या मनात आहे.

रामदासचं साल म्हणजे १९४७. त्या वर्षी १७ जुलैला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट वादळात सापडून उलटली आणि सहाशेच्या वर माणसं बुडाली. बोट काही रत्नागिरीला यायची नव्हती. पण मुंबईत नोकरीला असलेलं माणूस पावसच्या घराघरात होतं, आणि मुंबईचं माणूस म्हणजे बोटीचं माणूस. आजी सांगायची, बातमी आली तेव्हा कुठली बोट, कुठे जाणारी, हे कळायलाच वेळ गेला. तोवर आळीत कुणी धड जेवलं नाही. आजोबा तेव्हा गिरगावात राहत होते. त्यांचं खुशालीचं पत्र आलं, त्यानंतर विहिरीचं काम सुरू झालं, म्हणून ती विहीर रामदासच्या वर्षीची.

तेव्हाचा प्रवास कसा होता ते आजोबांकडून ऐकलं. आगबोट रत्नागिरीच्या बंदरात लांबवर उभी राहायची. तिथून पडावात उतरायचं, पडावातून धक्क्यावर. पुढे भाट्याच्या खाडीला पूल नव्हता, तिथे तर चालायची. तरीतून पलीकडे गेलं की सामान डोक्यावर घेऊन गोळपचा सडा तुडवत पावस गाठायचं. पाऊस तोंडावर आला की बोटी बंद, त्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा सुरू. मधल्या काळात कुणाला यायचंच असलं तर आगगाडीने कोल्हापूर आणि तिथून आंबा घाट उतरून रत्नागिरी. म्हणजे आषाढात घरी कुणी दगावलं तर मुंबईच्या मुलाला ते पत्रातूनच कळायचं. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण धावू लागली, तोवर आजी थकली होती. रात्री मुंबईत गाडीत बसलेला नातू सकाळी रत्नागिरीला उतरतो, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटे.

खोतीच्या सालाची गोष्ट मी दोन घरांत ऐकली. आमच्या आजोळच्या घराचा खोतीत लहानसा वाटा होता. १९४९ च्या कायद्याने रत्नागिरी जिल्ह्यातली खोती संपली आणि त्यापुढच्या वर्षी तो अमलात आला. आजीच्या सांगण्यात या सालाला तुटीचा रंग होता. कणग्या रिकाम्या झाल्या, गडीमाणसं कमी झाली, आजोबांच्या मुंबईच्या पगारावर घर चालू लागलं. तिने कुणाला दोष दिला नाही, पण बोलताना तिचा आवाज उतरायचा.

दुसरं घर वरच्या वाडीतलं, पूर्वीच्या कुळाचं. तिथल्या आजोबांपुढे पडवीत बसून मी हीच गोष्ट विचारली. ते म्हणाले, "भात आमी पिकवायचा, झोडायचा, नि अर्धा त्येंच्या खळ्यावर नेऊन घालायचा. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीतला तिसरा हिस्सा. वर वेठ ती निराळीच." त्यांच्या वडिलांनी खोताच्या घरी पेज पिऊन केलेल्या कामांची यादी त्यांना पाठ होती. कौलं परतणं, कवळ तोडणं, पालखीच्या वाटेची सफाई, लग्नघरी लाकडं फोडणं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. गिरणीत असलेला आजोबांचा चुलता त्या मोर्चात चालला होता. मोर्चात काय झालं ते त्याने गावी येऊन रात्रभर सांगितलं आणि ऐकायला अख्खी वाडी जमली. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कसणारा मालक ठरला. पुढे सातबारावर आपल्या वडिलांचं नाव चढलं तो कागद आजोबांनी मला पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवला.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोघांचं माप सारखं नाही. आमच्या घरातून गेलं ते उत्पन्न, त्यांच्या घरातून गेली ती वेठ. पावसचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी वरच्या वाडीत जाऊन बसावं, असं मला वाटतं. माझ्या आजोळच्या घरात खोतीच्या हिशेबाच्या वह्या होत्या, त्यांच्या घरात एकही कागद नव्हता. ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांचं सांगणं आधी लिहून घ्यायला हवं, कारण ते दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

स्वामींचं साल सगळ्या वाड्यांचं एकच, १९७४. स्वामी स्वरूपानंद पूर्वाश्रमीचे रामचंद्र विष्णु गोडबोले, जन्म पावसचाच, १५ डिसेंबर १९०३ चा. गांधीजींच्या असहकाराच्या हाकेने त्यांनी सरकारी शिक्षण सोडलं. विशीच्या आसपास गावात परतून स्वावलंबनाश्रम नावाने राष्ट्रीय शाळा काढली. पुण्यात गणेशनाथांचा अनुग्रह घेऊन ते नाथ परंपरेत आले. कायदेभंगात येरवड्याचा तुरुंगवास झाला. १९३४ मध्ये जिवावरचं दुखणं आलं. त्यानंतर देसाई कुटुंबाच्या 'अनंत निवास' या घरात त्यांनी चाळीस वर्षं काढली, गाव सोडलं नाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्यांचा अभंगांत केलेला अनुवाद त्यांच्या लेखणीतून उतरला, तो याच मुक्कामात. १५ ऑगस्ट १९७४ ला त्यांनी देह ठेवला. देशासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाचा शेवटचा दिवस स्वातंत्र्यदिनी यावा, हे गावात आजही भक्तीने सांगितलं जातं.

चरित्रात हे सगळं आहे. म्हाताऱ्या माणसांच्या सांगण्यात याच्या आजूबाजूचं गाव येतं. आजी म्हणायची, स्वामींच्या खोलीत गेलं की बोलायला काही सुचत नसे आणि बोलायची गरजही वाटत नसे. बाहेर मात्र काम असायचं. आल्यागेल्याचं पाणी, जेवण, झोपायची सोय. बाहेरगावचा माणूस संध्याकाळी पोचला तर परतीची गाडी नाही, मग तो कुणाच्या तरी ओटीवर निजायचा. समाधी मंदिराच्या आवारात आवळीच्या झाडातला गणपती आज सगळे भाविक पाहतात. पण मंदिराच्या आधीच्या काळात गावातल्या बायकांनी किती अनोळखी माणसांना पान वाढलं, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. पावसचं तीर्थक्षेत्र उभं राहिलं त्यात या बायकांच्या चुलींचा वाटा मोठा आहे, आणि तो इतिहासात यायला हवा.

भूकंपाचं साल १९६७. कोयनेचा तो धक्का ११ डिसेंबरच्या पहाटे बसला. पावसला मांडणीवरची भांडी खणखणली, गोठ्यातली गुरं दावी ताणून हंबरली, आणि माणसं पोरांना कवेत घेऊन अंगणात आली. आजीच्या आठवणीत त्या पहाटे अंगणात उभ्या राहिलेल्या बायकाच बायका होत्या. पुरुष मुंबईत. मनीऑर्डरीवर अंगठा उठवायचा, कर्जाची परतफेड लक्षात ठेवायची, लावणीला माणसं मिळवायची, आंबा उतरवून अढी घालायची, आजाऱ्याला रत्नागिरीला न्यायचं, हे सगळं त्यांनी केलं. चाकरमान्यांचा इतिहास गिरण्यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. मागे राहून गाव चालवणाऱ्या या बायकांचं अजून थोडंच लिहिलं गेलं आहे.

याहून जुन्या गोष्टींना साल नसतं. शेजारच्या गणेशगुळ्याचा गणपती पुळ्याला गेला, ही गोष्ट या भागात लहान मूलही सांगतं. गुळ्याच्या देवळात मूर्तीच्या बेंबीतून अखंड पाण्याची धार वाहायची, ती एक दिवस थांबली आणि देव पुळ्याला निघून गेला, अशी कथा. तिथे गेलं की गाभाऱ्याच्या दारात मोठी शिळाच दिसते, आणि जवळ जांभ्यात खणलेली सत्तरेक फूट खोल विहीर. पाणी आटलं, वस्ती हलली, पूजा दुसरीकडे गेली, अशी एखादी घटना या कथेमागे असेल का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. दक्षिणेला मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड आहे. छोटेखानी किल्ला, दाराशी मारुती, दारावर गणपतीसोबत चंद्र-सूर्य कोरलेले. तिथल्या खाडीवर पूल होण्यापूर्वी तर चालवणाऱ्या घरातल्या एका वृद्धाने मला भरतीसाठी रात्रभर खोळंबलेल्या वऱ्हाडाची हकिगत सांगितली. किल्ल्याच्या इतिहासात ती सापडायची नाही. त्याही पुढे कशेळीचा कनकादित्य. समुद्रातून जाणारं गलबत अडलं आणि सूर्यमूर्ती किनाऱ्यावर उतरवावी लागली, असं तिथले वृद्ध सांगतात. तिथे कथेला ताम्रपटाची जोड आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा तो ताम्रपट शके १११३ चा, म्हणजे आठशे वर्षांहून जुना.

दंतकथांना पुरावा मानू नये, पण फेकूनही देऊ नये. कोकणातल्या कातळशिल्पांनी हे सर्वांना शिकवलं आहे. सड्यावरच्या जांभ्यात कोरलेली ती चित्रं गुराख्यांना आणि वाडीतल्या जुन्या माणसांना ठाऊक होती, कुठे ती देव म्हणून पुजलीही जात होती. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गावोगाव फिरून याच माणसांना विचारलं आणि सडेच्या सडे धुंडाळले. २०२२ मध्ये कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणांची शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचा हा ठेवा दप्तरात कुठेच नव्हता, तो गुराख्यांच्या माहितीतून बाहेर आला.

रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटिअर इंग्रजांनी १८८० मध्ये छापलं. त्यात बंदरं, पिकं, जाती, सारा हे सगळं आहे. सरकारला जे मोजायचं होतं ते त्यात मोजलेलं आहे. गावाला जे लक्षात ठेवायचं होतं ते गावाने सालांना नावं देऊन लक्षात ठेवलं. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवली तरच पावस पुरतं दिसेल. वरच्या वाडीतले आजोबा आता नाहीत, आजीही नाही. रामदासची बातमी जाणत्या वयात ऐकलेली माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाल तेव्हा एक वही बरोबर न्या. घरातल्या आणि शेजारच्या वृद्ध माणसांना त्यांची सालं विचारा. सांगणाऱ्याचं नाव, वाडी आणि ऐकल्याची तारीख लिहून ठेवा. खोताच्या घरी विचारलंत तर कुळाच्या घरीही विचारा, पुरुषांना विचारलंत तर बायकांनाही विचारा. सातबारा, जुनी पत्रं, मनीऑर्डरीच्या पावत्या यांचे फोटो काढा. आणि ती वही घरात न ठेवता तिची एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा शाळेत द्या. हे काम सरकार करणार नाही आणि विद्यापीठही प्रत्येक वाडीत पोचणार नाही. ते आपल्यालाच करायचं आहे, आणि याच वर्षी करायचं आहे.