न्यू डीलचे शब्दकोडे

१/ अमेरिकेतील शाळांत महामंदीचा धडा अनेकदा शब्दकोड्यातून शिकवला जातो. १९३३ मध्ये तेथे सुमारे चौथा हिस्सा कामगार बेकार होते. त्यावर रूझवेल्ट सरकारने 'न्यू डील' आखले. त्यातील बहुतेक संस्था आद्याक्षरांनीच ओळखल्या जात. आपणही तीन शब्द सोडवून पाहू.

२/ आडवा शब्द, तीन अक्षरे : बेकार तरुणांना वनसंवर्धनाचे काम देणारी संस्था.
उत्तर : सीसीसी. महिना ३० डॉलर वेतन; त्यांतील साधारण २५ डॉलर घरी पाठवले जात. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी येथे काम केले.

३/ उभा शब्द, तीन अक्षरे : भाव सावरण्यासाठी लागवड घटवणाऱ्यांना मोबदला देणारी संस्था.
उत्तर : एएए. भाव सुधारले, पण मोबदला मुख्यतः जमीनमालकांकडे गेला. दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात जमीन पडीक राहिली आणि ती कसणारी अनेक वाटेकरी कुटुंबे बेघर झाली.

४/ आडवा शब्द : वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा १९३५ चा कायदा.
उत्तर : सामाजिक सुरक्षा. मूळ कायद्यातील या निवृत्तिवेतनातून शेतमजूर आणि घरकामगार वगळलेले होते. दक्षिणेतील कृष्णवर्णीय कामगारांचा मोठा भाग नेमका याच कामांत होता.

५/ नावे पाठ करण्यास कोडे उत्तम. मात्र चौकटीत संस्थेचे नाव बसते, तिने वगळलेली माणसे नाहीत. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे एक प्रश्न आपणच लिहावा : यात कोण नव्हते?