प्लास्टिकचा साचा कशाने कापायचा: मिलिंग, स्पार्क की वायरकट?

चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की जंगल, कोळसा, सिमेंट आणि बल्लारपूरचा कागद आठवतो. पण चंद्रपुरात ‘सिपेट’चे केंद्रही आहे. प्लास्टिक आणि त्याचे साचे शिकवणारी ही केंद्रीय संस्था १९६८ साली चेन्नईत सुरू झाली. तिथे प्लास्टिक मोल्ड टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा करणाऱ्या मुलांपुढे हा प्रश्न लवकरच येतो. साचा पोलादाचा असतो. एखादा कोपरा चुकून जास्त कापला गेला, तर आठवड्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

समजा, डब्याच्या झाकणाचा साचा करायचा आहे.

सुरुवात बहुतेक वेळा सीएनसी मिलिंगनेच होते. फिरणारे कटर पोलाद भराभर काढते आणि वळणदार पृष्ठभागही छान देते. अडचण कोपऱ्यात येते. कटर गोल असल्याने आतल्या उभ्या कोपऱ्यात त्याच्या त्रिज्येइतकी गोलाई उरतेच. शिवाय झाकणाला आतून १ मिमी जाडीची, १५ मिमी उंचीची फासळी हवी असेल, तर साच्यात तेवढीच अरुंद आणि खोल खाच लागते. तिथे १ मिमीचे कटर लवचते किंवा तुटते.

अशा जागी स्पार्क मशीन, म्हणजे ईडीएम, लावतात. तांब्याचा किंवा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड तेलात बुडवलेल्या पोलादाजवळ नेतात आणि विजेच्या ठिणग्या धातूचे कण उडवतात. १९४३ मध्ये सोव्हिएत संघातील लाझारेंको दांपत्याने ही पद्धत विकसित केली. पोलाद कितीही कडक असले तरी फरक पडत नाही. पण काम संथ चालते, इलेक्ट्रोड झिजतो आणि तो आधी मिलिंगवरच बनवावा लागतो. म्हणजे खर्च दोनदा! ठिणग्यांनी वितळून पुन्हा गोठलेला पातळ थरही मागे राहतो. त्यात बारीक भेगा असू शकतात, म्हणून तो पॉलिश करून काढावा लागतो.

वायरकटमध्येही ठिणग्याच असतात, फक्त इलेक्ट्रोडऐवजी साधारण पाव मिलिमीटरची पितळी तार असते. इन्सर्ट बसवायच्या आरपार खिडक्यांसाठी ती उत्तम. झाकणाच्या बंद तळाच्या खळग्यात मात्र तिचा उपयोग नाही, कारण तार एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर यावी लागते.

म्हणून मशीन ठरवण्याआधी ड्रॉइंग घेऊन डिझायनरकडे जा आणि विचारा, “हा कोपरा खरंच काटकोनी हवा का?” अर्ध्या मिलिमीटरची गोलाई चालत असेल, तर तिथले स्पार्कचे काम बऱ्याचदा वाचते. कोपरा कमी खोल असेल, तर १ मिमीचे कटरही पुरते.

साचा कडक करायचा असेल, तर क्रमही महत्त्वाचा. हीट ट्रीटमेंटमध्ये पोलाद थोडे वाकते, मापही बदलते. त्यामुळे आधी मऊ अवस्थेत थोडे पोलाद राखून मिलिंग, मग हीट ट्रीटमेंट आणि शेवटी ग्राइंडिंग, स्पार्क किंवा कडक पोलादावर चालणारे हाय-स्पीड मिलिंग करून नेमके माप गाठतात.