पपईचे कानडी नाव

कानडीत पपईला 'परंगी हण्णु' म्हणतात. आमच्या बिदर-कलबुरगीच्या बाजारात मात्र 'पपई' किंवा 'पप्पाय' हेच कानावर येतं. त्यामुळे हे दुसरं नाव मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, म्हैसूरकडून बदली होऊन आलेल्या एका शेजारणीकडून कळलं. हण्णु म्हणजे फळ, एवढं कानडी मला येतं. पण परंगी म्हणजे काय, असं विचारलं तर ती म्हणाली, "अक्का, परंगी म्हणजे परंगीच की!"

परंगी म्हणजे आपला फिरंगी. कानडी-तमिळच्या जुन्या तोंडात 'फ' बसत नसे, त्याचा 'प' झाला. पपई मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ती आपल्याकडे आली, म्हणून ती फिरंग्यांचं फळ. तमिळमध्ये तर लाल भोपळ्यालाच 'परंगीक्काय' म्हणतात. पोंगलच्या दिवशी तिथल्या अनेक घरांत या भोपळ्याची भाजी लागतेच. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषात, दारापुढच्या रांगोळीत शेणाचा गोळा ठेवून त्यावर याच भोपळ्याचं फूल खोचतात. परक्याच्या नावाचं फूल, आणि तेही सणासुदीला उंबऱ्याशी!

आता हा फिरंगी शब्द आला कुठून? तर फ्रँक नावाच्या लोकांवरून. त्यांच्याच नावावरून फ्रान्स देशाचं नाव पडलं. जुन्या फ्रेंचमध्ये 'फ्रँक' म्हणजे मोकळा, कुणाचा गुलाम नसलेला. घराचे कागद करताना बँकेत 'फ्रँकिंग' करून आणा म्हणतात ना, त्यातही हाच शब्द आहे. पूर्वी पत्रावर 'फ्रँक' लिहिलं की ते विनाशुल्क जाई. आज त्याच नावानं आपल्याकडून पैसे घेतात, ते वेगळं. 1099 साली युरोपातल्या ख्रिस्ती फौजांनी जेरुसलेम जिंकलं. त्या काळात अरब लोक पश्चिमेकडून आलेल्या सगळ्यांनाच 'इफ्रंज' म्हणू लागले. फारसीत त्याचं 'फरंग' झालं, आणि फारसीचा हात धरून तो शब्द आमच्या दख्खनेत उतरला. बहमनी सुलतानांची राजधानी आधी कलबुरगी, मग पंधराव्या शतकात बिदर. दरबाराची भाषा फारसी. तेव्हा हा शब्द आमच्या गावाला पोर्तुगीजांच्या आधीपासून ठाऊक असावा, असं मला वाटतं.

गंमत अशी की शब्द फ्रेंचांचा, पण मराठीत तो चिकटला पोर्तुगीजांना. शिवकालीन आणि पेशवाईतल्या कागदांत फिरंगी म्हणजे गोव्याचे पोर्तुगीज. इंग्रज ते इंग्रज, डच ते वलंदेज, डेन्मार्कचे ते डिंगमार आणि खुद्द फ्रेंच ते फरासीस. सगळे मिळून टोपीकर. म्हणजे ज्यांचं नाव, त्यांनाच दुसरं नाव घ्यावं लागलं. सासरी गेलेल्या बाईसारखीच त्यांची गत!

मग या शब्दाला मराठीनं कुठं कुठं नेलं, ते बघा. युरोपातलं सरळ पातं आणत, त्याला मूठ इथली बसवत, आणि त्या तलवारीला 'फिरंग' म्हणत. 1660 साली शायिस्ताखानानं चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा पन्नासहून अधिक दिवस तो किल्ला लढवणारा किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा. परक्याचा शब्द, आणि स्वराज्याच्या शूराच्या नावात! पुणे-सोलापूर रस्त्यानं आम्ही लेकीकडे जातो, तेव्हा दौंड तालुक्यात कुरकुंभ लागतं. तिथल्या देवीचं नाव फिरंगाई. अनेक घराण्यांची ती कुलदेवी. नवरात्रात तिथं गर्दी असते. तोच शब्द, पुढे नुसतं 'आई' लावलं की झालं.

वाईट अर्थानंही तो वापरला गेलाच. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'फिरंगरोग' आहे. लाजेनं ज्याचं नाव घेत नसत, तो गुप्तरोग. शेताच्या बांधावर पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप उगवतं, ते फिरंगी धोत्रा. त्याचंही मूळ मेक्सिकोकडचं. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं आणि विषारी असतं. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ होऊन माणसं दगावली होती. सुटं तेल घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आमच्या घरात बटाटा येत नाही. तो कंदमूळ म्हणून येत नाही, फिरंगी म्हणून नव्हे. मिरची, पेरू, काजू हे सगळे पपईसारखेच समुद्रापलीकडून आलेले, आणि त्यांना कुणी अडवलं नाही. लाल मिरचीची चटणी नसेल तर आमच्याकडे ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नाही. जिन्नस जमिनीच्या वर वाढला की खाली, त्यात जीव किती, तो किती दिवसांचा, एवढं माझ्या सासूबाई विचारायच्या. तो कुठून आला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र आमच्या बिदरनं हा प्रश्न फार विचारला. बहमनी दरबारात दोन तट होते. आधीपासून इथं रुजलेले दख्खनी आणि इराणकडून नव्यानं आलेले आफाकी, म्हणजे परदेशी. मोठा वजीर महमूद गावान हा इराणातल्या गीलानचा. त्यानं 1472 साली बांधलेला मदरसा आजही बिदरमध्ये उभा आहे. भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून चमकतात. शत्रुपक्षानं त्याच्या नावे खोटं पत्र तयार केलं आणि 1481 मध्ये सुलतानानं त्याचा शिरच्छेद करवला. त्यानंतर थोड्याच वर्षांत राज्याचे तुकडे पडले. आपला कोण आणि बाहेरचा कोण, या भांडणात अख्खं राज्य गेलं.

हे मी शाळेत पाठ केलं होतं. अर्थ कळला तो पुढे, नातेवाइकांत. पुण्याला लग्नाला गेलं की आम्ही 'कानडी', आणि इथं एखाद्या कचेरीत मराठीत बोललं की 'तुम्ही महाराष्ट्राचे का?' 1956 पर्यंत बिदर हा हैदराबाद राज्यातला एकच जिल्हा होता. राज्यपुनर्रचना झाली आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. माझी आजी उदगीरची, भालकीला दिलेली. एकाच जिल्ह्यातलं माहेर-सासर होतं तिचं. नंतर भाऊ राखीला यायचा तो दुसऱ्या राज्यातून. ती म्हणायची, "मी तर जागची हलले नाही गं!"

या उदगीरलाच खऱ्याखुऱ्या फ्रेंचांचीही सावली आहे. 1751 पासून सात वर्षं बुसी हा फ्रेंच सरदार निजामाकडे होता. त्याच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं, त्यात इब्राहिमखानाच्या तोफा होत्या. वर्षभरात तो पानिपतावर मराठ्यांसाठी मेला. 'गारदी' हा शब्द फ्रेंच 'गार्द', म्हणजे पहारेकरी, यावरून आला असं मानतात. पण 1773 मध्ये गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावांना मारलं, आणि मराठीत शब्दाची अब्रू गेली ती गेलीच. इब्राहिमखानाचं इमान कुणाला आठवत नाही. हा अन्याय आहे, असं मला नेहमी वाटतं.

फ्रेंच लोक एखाद्याला मानानं हाक मारताना 'मस्यू' म्हणतात, आपल्या 'राव'सारखं. आपल्याकडे त्याचं 'मुसा' झालं. बुसी तो मुसा बुसी. त्याच्यानंतर निजामाच्या चाकरीत आलेला रेमाँ तर त्याहून लोकप्रिय. 1795 साली निजामाचा मुलगा अलीजाह बंड करून बिदरच्या किल्ल्यात शिरला, तेव्हा त्याच्यावर याच रेमाँला धाडलं होतं. 25 मार्च 1798 ला तो वारला. हैदराबादेत त्याची समाधी आहे. मुसलमान त्याला मुसा रहीम म्हणायचे, हिंदू मुसा राम. पुढे कित्येक वर्षं त्याच्या पुण्यतिथीला लोक तिथं उदबत्ती लावायला जात. त्याच भागात मूसारामबाग आहे, आणि आता त्या नावाचं मेट्रो स्टेशनही. दवाखान्यासाठी आपल्याकडच्या कितीतरी बायका हैदराबादला जातात. मेट्रोत बसलात तर पाटी बघा.