मोटारीतली जमीन

तळेऱ्याचा नाका आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. मुंबई-गोवा महामार्गाला इथे एका अंगाने विजयदुर्गाचा रस्ता मिळतो आणि दुसऱ्या अंगाने वैभववाडी-गगनबावड्यावरून कोल्हापूरचा. गणपतीच्या आधी दोन-चार दिवस तिथे उभे राहिलात तर मिरवणुकीच्या टेंपोत ध्वनिवर्धक बसवण्याची धांदल दिसेल. अशाच एका धांदलीत माझा एक जुना विद्यार्थी सीटखाली डोके घालून काळी तार एका बोल्टाला गुंडाळत होता. मी विचारले, "ही तार रे कुठे चालली?" तो आतूनच म्हणाला, "सर, अर्थ बॉडयेक दिलंय."

मी इतिहास शिकवणारा माणूस. त्या एका शब्दापाशी अडलो. अर्थ म्हणजे पृथ्वी. टेंपो तर रबरी चाकांवर उभा. जमिनीला त्याचे लोखंड कुठेच टेकत नाही. मग ही पृथ्वी मोटारीत शिरली कशी? वाचकहो, तिची हकीगत तारायंत्रापासून सुरू होते.

विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. म्हणून सुरुवातीच्या तारायंत्राला दोन तारा लागत. १८३८ साली म्युनिकचे प्राध्यापक श्टाइनहाइल यांनी रेल्वेच्या रुळांतूनच वीज नेण्याचा प्रयत्न केला. तो फसला, कारण वीज रुळांतून जमिनीत झिरपू लागली. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. पण यांनी ओळखले की जमीन वीज वाहून नेते, तर परतीची वाट तिच्यावरच सोपवावी. दोन्ही टोकांना धातूचे पत्रे पुरले आणि एक तार वाचली. पुढच्याच वर्षी, १८३९ साली, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ओशॉनेसी यांनी आपल्याकडे तारायंत्राचे प्रयोग केले. त्यांत हुगळी नदीच्या पाण्यातूनही त्यांनी वीज नेऊन दाखवली. १८५५ साली तार सर्वांना खुली झाली, आणि २०१३ साली बंद झाली ते तर आपण पाहिलेच आहे.

त्यानंतर रेडिओ आला. मुंबई केंद्र १९२७ सालचे, पुणे केंद्र १९५३ सालचे. १९५६ साली कोल्हापूर धरून पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवण्याचा प्रयोग झाला. घाटाखालचे आपण त्यात नव्हतो. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या सेटला दोन तारा बाहेर काढाव्या लागत: एक उंच बांबूवरची एरियल आणि दुसरी जमिनीत पुरायची अर्थ. आपल्याकडचा जांभा दगड उन्हाळ्यात इतका कोरडा पडतो की त्यात वीज मुरत नाही. म्हणून न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे, माडाच्या मुळाशी, पत्रा पुरण्याची युक्ती. आमच्या आजोळी असा एक पत्रा माझ्या लहानपणी खणताना सापडला होता. सेट केव्हाच मोडीत गेला होता.

मोटार बनवणाऱ्यांनी तीच काटकसर उचलली. सगळा सांगाडा लोखंडी, मग प्रत्येक दिव्याला दोन तारा कशाला? बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडले की परतीची वाट फुकट मिळाली. पृथ्वी मागे राहिली, नाव तेवढे चिकटले. कोणते टोक जोडायचे, यावर मात्र एकमत नव्हते. १९३० नंतरच्या दशकात विलायतेतल्या मोटारींनी धन टोक सांगाड्याला दिले. ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आपली अँबॅसडर झाली, तीही याच पंथाची. १९६० नंतरच्या दशकात हळूहळू सर्वत्र ऋण टोक आले. जुन्या मोटारीत नवा ट्रान्झिस्टर सेट उलटा जोडून कायमचा मुका केल्याची उदाहरणे मग काही थोडी नाहीत.

या काटकसरीची एक किंमत आहे, आणि ती नीट समजून घ्यावी. परतीची वाट गाडीभर पसरली, म्हणजे बॅटरीचे दुसरे टोकही गाडीभर पसरले. लाल तार पत्र्याच्या कुठल्याही कडेला घासून सोलली तर तिथे बॅटरीची दोन टोके भेटतात. अशा वेळी बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि तार लालबुंद होते. अमेरिकेत १९३० साली गॅल्व्हिन यांनी मोटारीतला रेडिओ विकायला काढला, तेव्हा कर्ज मिळावे म्हणून एका बँकवाल्याच्या मोटारीत तो बसवून दिला आणि अर्ध्या तासात मोटार पेटली, अशी कथा सांगतात. खरीखोटी देव जाणे. पण फ्यूज अँप्लिफायरजवळ नव्हे, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा, तो एवढ्यासाठीच. तो तारेचे रक्षण करतो, यंत्राचे नव्हे.

आता काळ्या तारेकडे या. तिला कोणी विचारत नाही. समजा, अँप्लिफायर ३०० वॉट आवाज देतो आणि जवळजवळ तेवढीच वीज उष्णतेत घालवतो. ६०० भागिले १२, म्हणजे ५० अँपिअर. लाल तारेतून जितके जातात तितकेच काळ्या तारेतून परत येतात. तेव्हा लाल बोटभर जाड आणि काळी सुतळीएवढी, हे गणितात बसत नाही. रंगावर कसलेल्या जोडाने एका ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका जरी अडथळा केला, तरी तिथे एक व्होल्ट हरवतो आणि ५० वॉट उष्णता होते. हे एका सोल्डरिंग आयर्नचे काम झाले, आणि तेही सीटच्या कापडाखाली! शिवाय पुढच्या सेटची अर्थ एकीकडे आणि मागच्या अँप्लिफायरची भलतीकडे असली की दोघांमधला फरक आवाजात उतरतो. इंजिन चढेल तशी शीळ चढते, आणि लोक दोष देतात स्पीकरला. त्यात आपली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस! लोखंड गंजते, तांब्यावर हिरवट कळंक चढतो, आणि गेल्या वर्षीचा चांगला जोड यंदा चांगला राहत नाही.

हे मी त्या मुलाला नाक्यावरच सांगितले. कॉलेजात असताना त्याने माझे इतके कधी ऐकले नव्हते. सीटचा बोल्ट रंगवलेला निघाला. त्याने सांगाड्यावर जागा निवडली, पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड उघडे केले, लाल तारेच्याच जाडीची आखूड काळी तार टोकाला कडी लावून आवळली आणि वरून ग्रीस फासले. लाल तार पत्र्याच्या ज्या भोकातून जात होती तिथे रबरी बूच बसवले. फ्यूज मागच्या बाजूला होता, तो पुढे बॅटरीपाशी आणला. या सगळ्यात तासभर गेला आणि टेंपोवाले कुरकुरले.

विसर्जनाच्या रात्री टेंपो थांबला असताना त्याने सीटखाली हात घालून जोड चाचपला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "थंड आसा, सर."