दून एंगसच्या तटाआड

बोटीतून उतरून तुम्ही आयर्लंडच्या पश्चिमेला, अरान बेटांपैकी इनिशमोरवर पाऊल ठेवता. सह्याद्रीच्या काळ्या कातळाला सरावलेल्या डोळ्यांना हा करडा चुनखडक अनोळखी वाटतो. पावसाच्या पाण्यानं झिजून त्याला लांबच लांब भेगा पडल्या आहेत, भेगाभेगांतून नेचे डोकावतात. पाय जपून टाका.

दून एंगस या दगडी किल्ल्याकडे जाणाऱ्या चढावर उभे रोवलेले टोकदार दगड दाटीनं वाट अडवतात. चालून येणाऱ्याला धाव घेता येऊ नये, म्हणून ही योजना. त्यांच्यामधून, एकामागून एक तट ओलांडत, शेवटच्या ठेंगण्या दारातून तुम्ही वाकून आत शिरता. मान वर करता, तेव्हा इसवी सनापूर्वी ८०० हे साल सुरू असतं.

तट अजून इतका उंच झालेला नाही. समोर तट नाहीच; जवळपास शंभर मीटरचा तुटलेला कडा आणि खाली गरजणारा अटलांटिक. गोल झोपड्यांमधून धूर निघतोय. कुणी खडकावरून खरवडून आणलेले शिंपले सोलतंय, टरफलांचा ढीग वाढतोय. मेंढीचं मांस शिजतंय.

जाळापाशी एक कारागीर बसला आहे. मुशीतलं कांसं लाल-पिवळं होऊन वितळतंय. तो श्वास रोखून ते मातीच्या साच्यात एका धारेनं ओततो. निवल्यावर साचा फोडतो. आतून तलवारीचं पातं निघतं. साच्याच्या खापऱ्या तो बाजूला टाकून देतो.

क्षणभर विचार करा. कांशाला लागणारं तांबंही या बेटाच्या चुनखडकात नाही, कथीलही नाही. दोन्ही धातू समुद्र ओलांडूनच आले. म्हणजे जगाच्या टोकाला वाटणारी ही जागा तेव्हा वाटांच्या मधोमध होती. तिच्या तटांत भीती असेलही, पण दरारा आणि वैभव नक्की होतं.

डोळे मिटून उघडा. १९९२ ते १९९५ या काळात इथं उत्खनन झालं, तेव्हा त्याच फेकलेल्या खापऱ्या मातीतून वर आल्या. पातं घडवणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याच्या हातचं काम मात्र सापडलं.

तुम्ही जाल तेव्हा तटावर चढू नका, एकही दगड हलवू नका आणि कड्यापासून दूर राहा. तिथं कठडा नाही.