महाल म्हणतात, तळघरात कबरी

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं, की शाह डोंगराच्या माथ्यावरची अष्टकोनी, तिमजली दगडी इमारत लांबूनच दिसते. कुणालाही विचारा, उत्तर एकच: चांदबिबीचा महाल. शाळांच्या सहली इथं येतात, कमानींतून वारा भणाणत असतो, पोरं डबे उघडतात आणि राणी इथून किल्ल्यावर नजर ठेवायची असं कुणीतरी सांगतं.

पण हा महाल नव्हेच. मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ही कबर.

इथं शिक्षकाची खरी कसोटी लागते. ‘ते चुकीचं आहे, वहीत सलाबतखान लिहा’ असं म्हटलं की विषय संपला. त्यापेक्षा मुलांनाच विचारावं: महाल असेल तर चूल कुठं मांडत असतील? एवढ्या उंचावर पाणी कोण आणून देत असेल? निजायच्या खोल्या दाखवा बरं. मुलं शोधत फिरतात, तळघराशी पोचतात, कबरी पाहतात आणि उत्तर त्यांच्याच तोंडून येतं. त्याच्या पाठोपाठ आणखी चांगला प्रश्न उभा राहतो. कबर वजिराची, तर लोकांच्या तोंडी नाव राणीचं का बसलं?

त्यासाठी गोष्टच सांगावी लागते, आणि ती रंगवून सांगावी. 1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. एक उडाला, तटाला खिंडार पडलं, आतल्या लोकांचा धीर सुटू लागला. तेव्हा चिलखत घालून, हाती तलवार घेऊन चांदबिबी स्वतः खिंडारात उभी राहिली. दिवसभर हल्ला थोपवला आणि रातोरात तट पुन्हा चढवून घेतला. पहाट झाली तेव्हा मोगलांसमोर परत भिंत उभी होती. पुढं तह झाला, वऱ्हाड द्यावं लागलं, पण शहर वाचलं. 1600 साली तिच्याच माणसांनी तिचा जीव घेतला आणि किल्ला मोगलांकडे गेला.

शिसं संपलं तेव्हा तिनं नाण्यांच्या गोळ्या केल्या, असंही सांगतात. ही आख्यायिका वर्गातून हाकलू नये. मुलांसमोर दोन बखरकार ठेवावेत: पूर्वी निजामशाहीच्या चाकरीत असलेला आणि पुढं विजापुरात बसून लिहिणारा फिरिश्ता, आणि अकबराच्या दरबारातला अबुल फझल. कोण कुणाचं मीठ खात होता, हे विचारायला आठवीतला मुलगाही पुरेसा शहाणा असतो.

याच किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात नेहरू, मौलाना आझाद, पटेल असे काँग्रेसचे नेते कैदेत होते. नेहरूंनी अंगणात बाग करायला घेतली, तर कुदळीला जुन्या भिंतींचे अवशेष लागले आणि कोरलेलं एक कमळ सापडलं. तिथून त्यांचं मन चांदबिबीकडे वळलं. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथंच, 1944 साली लिहिलं. परिसर अभ्यासाचा याहून चांगला धडा कुठला?

जमिनीखालून वर आलेला आणखी एक धडा प्रवरेकाठच्या दायमाबादचा. 1974 साली झाडाची मुळं खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझच्या चार जड मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ. रथ जेमतेम 45 सेंटिमीटर लांब. त्यात एक माणूस उभा आहे. गेंडा आणि म्हैस चाकांवर उभे, आणि ती चाकं भरीव, आरे नसलेली.

या मूर्तींची चित्रं वर्गात फिरवली की मुलांचं बोट बहुधा गेंड्यावर जाऊन थांबेल. प्रवरेकाठी गेंडा? मग नदीकाठी तेव्हा गवताळ रान असेल का, की घडवणाऱ्यानं तो दुसरीकडं पाहिला? चाकं कशाला, पोरांनी दोरीनं ओढायला, की मिरवणुकीत न्यायला? मूर्ती चारेक हजार वर्षांपूर्वीच्या, उत्तर हडप्पा काळातल्या असाव्यात असं काही अभ्यासक मानतात. धातूतली भेसळ पाहून काहींना शंका येते. हा वाद मुलांना तसाच, न मिटवता सांगावा. मग त्यांना घरी पाठवावं, आजी-आजोबांना एक प्रश्न विचारायला: आपल्या गावात नांगराला कधी काय लागलं होतं?