दख्खनच्या लांडग्याचे कुल

शिरूर-दौंडच्या माळांवरील धनगरांस लांडगा पिढ्यान्‌पिढ्या परिचित. प्राणिशास्त्रास त्याचा परिचय साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३१ मध्ये ‘कॅनिस पॅलिपेस’, म्हणजे फिकट पायांचा, या नावाने करून दिला. उत्तरकालीन अभ्यासकांनी मात्र त्यास करड्या लांडग्याची केवळ उपजाती मानिले. २००४ मध्ये मातेकडून येणाऱ्या जनुकक्रमांची तुलना होऊन त्याची शाखा कुत्रे व बहुतेक इतर लांडगे यांहून निराळी दिसली. पोथ्यांत पाठांची सरमिसळ व्हावी तशी ती जनुकांतही होते. जेथे ती क्वचित घडते, तेथेच जुना वंशक्रम टिकतो. २०२१ मध्ये संपूर्ण जनुकसंचातील असे भाग ताडले असता तिचे प्राचीनत्व दृढ झाले. साइक्सचा तर्क अगदीच निराधार नव्हता, असे म्हणावे लागते. परंतु २०२३ मध्ये पुणे परिसरातील, रंगाने वेगळे दिसणाऱ्या काही लांडग्यांत कुत्र्याचा संकर जनुकांवरूनच सिद्ध झाला.